साडेचार तासांचा हक्क

वस्तीत कुणाला लकवा मारला की घरातली पहिली धावपळ होते ती तेलाच्या बाटलीसाठी. कुणी म्हणते वारे गेले, कुणी म्हणते बाहेरचे आहे, कुणी पारव्याचे रक्त चोळायला सांगते. रात्र अशीच जाते. सकाळी रिक्षा ठरते. गल्लीतल्या दवाखान्यातून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला, तिथून मोठ्या शहराला. मेंदूचा डॉक्टर भेटतो तेव्हा दुसरा दिवस अर्धा सरलेला असतो. तो आधी विचारतो, "पेशंट शेवटचा धडधाकट कधी पाहिला?" उत्तर ऐकून तो मान हलवतो. नातेवाइकांना वाटते, याला गरिबाची पर्वा नाही. खरी गोष्ट अशी की त्याच्याजवळच्या औषधाची वेळ रस्त्यातच टळून गेलेली असते.

आम्ही वकील आहोत, डॉक्टर नव्हे. पण रुग्णालयांचे केसपेपर वकिलाला वाचावेच लागतात, आणि त्या कागदांवर सर्वात बोलकी नोंद असते वेळेची. रुग्ण किती वाजता आला? स्कॅन किती वाजता झाला? इंजेक्शन किती वाजता दिले? म्हणूनच न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू व मज्जासंस्थेचा तज्ज्ञ डॉक्टर, रुग्णालयात नेमके काय करतो हे आपल्या समाजाने समजून घ्यावे असे आम्हाला वाटते. त्याचे काम कळले की आपला हक्क कुठे अडतो तेही कळते.

पक्षाघात हा हातापायाचा आजार नाही, तो मेंदूचा आजार आहे. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकते किंवा वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बहुसंख्य रुग्णांत कारण गुठळीचे असते. मोठी वाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण तेल चोळत बसतो तेव्हा काय गमावतो, ते या आकड्यावरून ओळखावे.

रुग्ण आला की हा डॉक्टर त्याला हसायला सांगतो, दोन्ही हात उचलायला लावतो, वस्तूंची नावे विचारतो, नजर आणि तोल पाहतो. यावरून ० ते ४२ असे गुण मांडले जातात. गुण जितके जास्त तितका आघात मोठा. रक्तातील साखर लगेच तपासली जाते, कारण साखर फार उतरली तरी लकव्यासारखीच लक्षणे दिसतात. मग सी.टी. स्कॅन. गुठळी आणि रक्तस्राव हे दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात, आणि गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावाच्या रुग्णाला दिले तर ते त्याचा जीव घेईल. म्हणून स्कॅनशिवाय हे औषध देता येत नाही. याच कारणाने घरच्या घरी ॲस्पिरिनही देऊ नये.

हे इंजेक्शन सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. १९९५ च्या संशोधनाने ३ तासांची मर्यादा घातली होती, २००८ च्या संशोधनाने ती साडेचार तासांवर नेली. मोठी गुठळी जांघेतील वाहिनीतून बारीक नळी घालून बाहेर काढण्याची पद्धत २०१५ मध्ये परिणामकारक ठरली. २०१८ पासून निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंत करता येते, पण ही सोय मोठ्या शहरांतच मिळते. इंजेक्शनला धोकाही आहे. १९९५ च्या त्या अभ्यासात औषध दिलेल्या १०० पैकी सुमारे ६ जणांना मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला होता. डॉक्टरला हा हिशेब काही मिनिटांत करायचा असतो, रडणाऱ्या नातेवाइकांना समजेल अशा भाषेत सांगायचा असतो आणि त्यांची संमती घ्यायची असते. तोल सांभाळून घेतलेला निर्णय उलटला म्हणून डॉक्टरवर हात उगारणे हा अन्याय आहे. पण काही न समजावता कागदावर अंगठा घेणे हाही अन्यायच आहे. संमती म्हणजे समजून दिलेला होकार, असे कायदा सांगतो.

इंजेक्शन दिले म्हणजे काम संपत नाही. रुग्णाला गिळता येते का हे तपासल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा घालायचे नसते, कारण ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. आपल्याकडे मात्र मायेपोटी चमच्याने चहा पाजला जातो. पुढे रक्तदाब, साखर, हृदयाचे अनियमित ठोके, तंबाखू यांचा बंदोबस्त, व्यायाम, वाचा गेली असेल तर बोलण्याचा सराव. परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर एकत्र काम करतात त्या खास कक्षात मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही कमी होतात, हे सिद्ध झाले आहे.

आता प्रश्न येतो तो दाराचा. दि. ८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा माणूस रेल्वेतून पडला. तो शेतमजुरांच्या संघटनेचा सभासद होता. त्याचा आजार पक्षाघात नव्हता. डोक्याला मार लागून मेंदूत रक्तस्राव झाला होता, म्हणजे गरज याच विभागाची होती. कोलकात्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवले. अखेर खासगी रुग्णालयात १७,००० रुपये मोजून तो वाचला. संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. हकीम शेखला २५,००० रुपये भरपाई मिळाली. त्याआधी १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात हेच न्यायालय म्हणाले होते की सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे.

निकाल आहे, पण साडेचार तासांत पोहोचायचे कुणाकडे? न्यूरॉलॉजिस्ट तयार व्हायला एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, एम.डी.ची तीन आणि डी.एम.ची तीन, अशी साडेअकरा वर्षे लागतात. देशात असे तज्ज्ञ काही हजारच आहेत आणि बहुतेक शहरांत आहेत. शिडीच्या या शेवटच्या पायरीवर आपल्या मुलांसाठी आरक्षण नाही. १९९२ च्या मंडल निकालात अतिविशेष वैद्यकीय पदांवर आरक्षण उचित नाही असे म्हटले गेले आणि १९९९ मध्ये प्रीती श्रीवास्तव प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने या पातळीवर आरक्षण नको असे सांगितले. पुढे २०२२ मध्ये, पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील ओबीसी आरक्षण कायम ठेवताना, गुणवत्ता म्हणजे केवळ परीक्षेतले गुण नव्हेत असे याच न्यायालयाने म्हटले. मग हा विचार एम.डी.च्या दारात येऊन का थांबावा? वस्तीतल्या आजीची बोली जाणणारा, तिच्या भीतीचे कारण ओळखणारा डॉक्टर हा गुणवत्तेचाच भाग नाही काय?

तोवर वाट पाहत बसायचे का? मुळीच नाही. हिमाचल प्रदेशने २०१४ मध्ये मार्ग दाखवला. तिथे स्कॅनची सोय असलेल्या जिल्हा रुग्णालयांतले साधे फिजिशियन वैद्यकीय महाविद्यालयातल्या न्यूरॉलॉजिस्टला मोबाईलवरून स्कॅन दाखवू लागले, सल्ला घेऊ लागले आणि जागेवरच मोफत इंजेक्शन देऊ लागले. डोंगराळ राज्यात रुग्णाला घाट उतरवण्यापेक्षा डॉक्टरचे ज्ञान फोनवरून घाट चढवणे सोपे ठरले. हे गडचिरोलीला, नंदुरबारला, बीडला का होऊ नये?

बांधवांनो, आपल्या हाती काय आहे ते मोजून सांगतो. तोंड वाकडे झाले, हात खाली पडला, बोलणे अडखळले, यातले एक जरी दिसले तरी घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन करा. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल रुग्णांना सवलतीत राखीव असतात. तातडीच्या रुग्णाला तिथे आधी दाखल करून घ्यावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात ते आरोग्यमित्राला विचारा. केसपेपरची प्रत मागा, ती मागणीपासून ७२ तासांत द्यावी असा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे.

आणि माहितीच्या अधिकारात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे एक अर्ज टाका. सी.टी. स्कॅन रात्री चालू असतो का, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साठ्यात आहे का, गेल्या वर्षी ते किती रुग्णांना दिले, रात्री न्यूरॉलॉजिस्टचा सल्ला कुठून मिळतो, हे चार प्रश्न विचारा. उत्तर आले तर ते वस्तीत वाचून दाखवा, नाही आले तर अपील करा. प्रत्येक शाखेने पुढच्या बैठकीत हा अर्ज तयार करावा. मसुदा लागला तर आम्ही लिहून देऊ.