स्नूकरचं 'रँकिंग' म्हणजे नक्की काय भानगड?

आपल्या होस्टेलच्या कॉमन रूममध्ये कॅरमभोवती रात्री अकरापर्यंत गर्दी असते. पण टीव्हीवर स्नूकर लागला रे लागला की रिमोटवरून मारामारी! माझा धुळ्याचा रूममेट एकदा म्हणाला, "भो, हा माणूस पहिल्याच राऊंडला हरला तर एवढा काय चेहरा पाडून बसलाय? पुढच्या आठवड्यात दुसरी स्पर्धा असंलच ना!" त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी हा लेख.

आधी खेळ, थोडक्यात. बारा फूट बाय सहा फुटांचं टेबल, कापडाखाली स्लेटचा दगड. पंधरा लाल चेंडू, प्रत्येकी 1 गुण. सहा रंगीत, 2 ते 7 गुणांचे. एक लाल, एक रंगीत, पुन्हा लाल असं चालतं. लाल असेपर्यंत रंगीत चेंडू परत टेबलावर येतो. प्रत्येक लालबरोबर काळाच घेतला तर 15 गुणिले 8, म्हणजे 120. शेवटी सहा रंगीतांचे 27. बेरीज 147. कॅरममध्ये राणीला कव्हर लागतं, तसंच थोडंसं. आणि हा खेळ परका नाही बरं! 1875 मध्ये जबलपूरला ब्रिटिश फौजेच्या मेसमध्ये तो जन्मला असं मानतात.

आता मुख्य मुद्दा. व्यावसायिक टूरवर साधारण 128 खेळाडू असतात. नव्याला टूर कार्ड मिळतं ते दोन वर्षांचं. रँकिंग स्पर्धेत जे बक्षीस मिळतं, तेच त्याचे गुण. 2014 पासून हिशोब सरळ पौंडात आहे. त्यातही गंमत अशी, की मोजतात फक्त मागच्या दोन वर्षांची कमाई. दोन वर्षांपूर्वी जिंकलेली रक्कम यादीतून गळून पडते. म्हणजे गेल्या वेळी फायनल गाठली असेल, तर यंदा निदान तेवढंच कमवावं लागतं, नाहीतर नंबर घसरला! पहिले 64 टिकतात. बाकीच्यांचं दोन वर्षांचं कार्ड संपलं की क्वालिफाइंगच्या रांगेत पुन्हा पहिल्यापासून उभं राहायचं. आपल्या वायडी पेक्षा कडक प्रकार, कारण इथे एटीकेटी नाही. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला बहुतेक स्पर्धांत छदाम मिळत नसे. विमान, हॉटेल मात्र स्वतःच्या खिशातून. 2022 साली मोसमाला किमान वीस हजार पौंडांची हमी आली, तोवर असंच होतं. पडलेल्या चेहऱ्याचं कारण कळलं?

भारतात अशी रँकिंग स्पर्धा, इंडियन ओपन, 2013 ते 2019 मध्ये पाच वेळा झाली. दिल्ली, मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टणम आणि कोची. मुंबईत 2015 ला मायकेल व्हाइटने रिकी वॉल्डनला 5-0 असं धुतलं. ते त्याचं पहिलं रँकिंग विजेतेपद. कोचीला 2019 मध्ये मॅथ्यू सेल्ट जिंकला, त्याचंही पहिलंच!

पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट पहिल्याच वर्षीची, ऑक्टोबर 2013 ची. मुंबईचा आदित्य मेहता, ज्याने त्याच वर्षी कोलंबियातल्या कालीला वर्ल्ड गेम्सचं सुवर्ण जिंकलं होतं, तो दिल्लीत उपांत्य फेरीत स्टीफन मॅग्वायरला 4-3 असं हरवून फायनलला गेला. रँकिंग फायनलला पोचलेला पहिला भारतीय! सातपैकी सातवी फ्रेम म्हणजे एक चेंडू चुकला की खेळ खलास. त्या फ्रेमचा ताण आपल्या व्हायव्हाला बसलेल्या पोराला विचारा. फायनलला समोर चीनचा डिंग जुनहुई, शांघायची स्पर्धा नुकतीच जिंकून आलेला. निकाल 5-0. आदित्यला एकही फ्रेम मिळाली नाही.

त्या 5-0 वरून कुणी नाक मुरडलं तर मला राग येतो. डिंग तेव्हा कुणालाच आवरत नव्हता. लगेच पुढची इंटरनॅशनल चॅम्पियनशिपही त्यानेच घेतली. सलग तीन रँकिंग विजेतेपदं.

जाता जाता मेकॅनिकलवाल्यांसाठी: मोठ्या स्पर्धांत स्लेटखाली हीटर असतात, म्हणजे कापडात ओल राहू नये आणि चेंडू सारख्याच वेगाने पळावा. आपल्या जळगावच्या मे महिन्यात तो खर्च तरी नक्की वाचेल!