दाखल्याआधीची पायपीट

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दिव्यांग व्यक्तीला महिन्याला अडीच हजार रुपये द्यायचे, असा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला. त्याआधी ही रक्कम पंधराशे होती, त्याआधी हजार आणि त्याच्याही आधी बरीच वर्षं सहाशे. वाढ झाली हे चांगलंच झालं. मात्र दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं चोविसावं कलम सांगतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनेत दिव्यांगांना इतर लाभार्थ्यांपेक्षा किमान २५ टक्के जास्त रक्कम मिळायला हवी. हा कायदा एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला. इतरांना पंधराशे आणि दिव्यांगांना अडीच हजार, एवढा फरक पडायला आठ वर्षं गेली.

शिवाय रक्कम जाहीर होणं वेगळं आणि हातात पडणं वेगळं. मध्ये कागदांची एक लांबलचक वाट आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं आणि पुढे दरवर्षी हयातीचा दाखला. यातला जवळजवळ प्रत्येक कागद वेगळ्या खिडकीवर मिळतो. आणि प्रत्येक खिडकी नेमकी तीच गोष्ट मागते जी समोरच्या माणसाकडे नाही. पायाने अधू असलेल्याला जिना चढायला लावते, कर्णबधिराला पुकारलेलं नाव ऐकायला सांगते, अंधाला छापील सूचना वाचायला देते. योजना कमी आहेत असं मला वाटत नाही. त्यांच्या दारापर्यंत जायची ताकद असेल त्यालाच त्या मिळतात, हे माझं म्हणणं आहे.

सुरुवात जिल्हा रुग्णालयापासून होते. तिथे दिव्यांग बोर्डाचा वार ठरलेला असतो, कुठे बुधवार, कुठे शुक्रवार. लांबच्या तालुक्यातून येणाऱ्याला पहाटेची पहिली एसटी गाठावी लागते, कारण केसपेपरची रांग लवकर लागते. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. पण ती मिळते दाखला हातात आल्यावर. दाखला काढायला जाताना ती नाही, आणि सोबत आलेल्या माणसालाही नाही. त्या सोबतच्या माणसाचा दिवसाचा रोज बुडतो तो निराळाच.

अशाच एका वारी मी बोर्डाच्या व्हरांड्यात बराच वेळ बसून होतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला पाठुंगळी घेऊन एक बाई आल्या. मुलाला सेरेब्रल पाल्सी. पाय कात्रीसारखे आवळलेले, मान आईच्या खांद्यावर टेकलेली. एवढं वाढलेलं पोर पाठीवर घेऊन उभं राहणं सोपं नाही, म्हणून त्या दर थोड्या वेळाने भिंतीला पाठ लावून त्याचं वजन भिंतीवर टाकायच्या. बाकडी भरलेली होती. चाकाची खुर्ची होती एक, ती अपघात विभागात गेलेली. त्यांचा नंबर आल्यावर टेबलामागचा माणूस म्हणाला, “मावशी, आज हाडांचे डॉक्टर ऑपरेशनला गेलेत. पुढच्या बुधवारी या.” त्यांनी विचारलं, “दादा, पुढच्या बुधवारी नक्की असतील ना?” त्याने खरं तेच सांगितलं, “ते मी कसं सांगू?” तो काही उर्मट नव्हता. त्याच्याही हातात काही नव्हतं.

त्याच व्हरांड्यात कानाच्या तपासणीसाठी आलेली माणसं होती, आणि त्यांचीही नावं तोंडाने पुकारली जात होती. एक तरुण दाराकडे डोळे लावून बसला होता. दार उघडलं की तो उठायचा, शिपायाच्या ओठांकडे बघायचा आणि परत बसायचा. शेवटी शेजारच्या आजोबांनी त्याच्या हातातल्या कागदावरचं नाव वाचलं आणि पुढच्या वेळी त्याला कोपराने ढोसलं. भिंतीवर आकडा दाखवणारा साधा फलक लावला असता तर हा प्रश्न उरला नसता. बँकांमध्ये असे फलक केव्हाचे लागले आहेत.

डॉक्टर भेटले तरी काम त्या दिवशी होईलच असं नाही. लहान मुलाला ऐकू येतं की नाही याची खात्री करायला बेरा नावाची तपासणी करतात. त्यात मुलाला उत्तर द्यावं लागत नाही, यंत्रच मेंदूचा प्रतिसाद नोंदवतं. पण अनेक ठिकाणी हे यंत्र नसतं, किंवा असलं तरी चालवायला ऑडिओलॉजिस्ट नसतो. बौद्धिक अक्षमतेसाठी बुद्ध्यांक चाचणी घेणारा मानसशास्त्रज्ञ लागतो, त्याचीही तीच गत. मग मोठ्या शहराची चिठ्ठी मिळते. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. दोन्ही उत्तम. पण धडगाव किंवा भामरागडहून तिथे जायचं, कुठे उतरायचं, दोन दिवस काय खायचं, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

धडगाव आणि भामरागड ही नावं मुद्दाम घेतली. नंदुरबार आणि गडचिरोलीच्या आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले आणि सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार प्रथमच त्यात आले. मोठं पाऊल होतं ते. पण याच कायद्याच्या चौतिसाव्या कलमात सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाचे गट दिले आहेत आणि त्यांत रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे सिकलसेलचा तरुण दाखल्यापुरता दिव्यांग आणि नोकरीपुरता नाही. बाहेरून तो धडधाकट दिसतो. सांधेदुखीचा झटका आला की आठ-आठ दिवस अंथरुणाला खिळतो, आणि असा माणूस मजुरीवर कोण ठेवणार? त्याला आरक्षणातून का वगळलं, याचं पटण्याजोगं कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आता टक्क्यांबद्दल. बहुतेक सगळ्या सवलती ४० टक्क्यांच्या रेषेवर सुरू होतात. यूडीआयडी कार्डाचा रंगही त्यावर ठरतो: ४० च्या खाली पांढरं, ४० पासून ८० च्या खालपर्यंत पिवळं, ८० आणि त्याच्या वर निळं. कुठेतरी रेष आखावी लागते, हे समजण्यासारखं आहे. पण गुडघ्याचा सांधा किती अंशात वळतो हे मोजून माणसाची अडचण कळत नाही. तीच अधू टांग शहरातल्या लिफ्टच्या इमारतीतल्या कारकुनाला जितकी नडते, त्याच्या कितीतरी पट भातखाचरात चिखल तुडवणाऱ्याला नडते. टक्के मात्र दोघांना सारखेच. वैद्यकीय प्रवेशाच्या एका प्रकरणात ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ टक्केवारीवरून विद्यार्थ्याला अपात्र ठरवू नका, तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का ते बोर्डाने तपासावं. हा विचार सगळ्याच सेवांना लागू व्हायला हवा: किती टक्के, यापेक्षा काय करायला कुणाची आणि कशाची मदत लागते, हा प्रश्न.

सुधारणा होण्याची शक्यता असेल तर दाखला तात्पुरता मिळतो. काही वर्षांनी तो संपतो आणि पुन्हा बोर्ड. बीडकडचं एखादं ऊसतोडीचं कुटुंब डोळ्यांसमोर आणा. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन कोयता कारखान्यावर जातो, तो उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. सोबत दिव्यांग पोर. दाखल्याची मुदत जानेवारीत संपली तर आईबाप फडावर, बोर्ड दीडशे-दोनशे किलोमीटरवर, आणि एक दिवस काम सोडलं तर मुकादम खाडा धरतो. मुदत संपलेल्या दाखल्यावर अनुदान थांबलं की ते पुन्हा सुरू करून घेणं हे नव्याने अर्ज करण्यापेक्षा अवघड असतं, असं या कामातले कार्यकर्ते सांगतात.

गर्दी कमी व्हावी म्हणून अर्ज ऑनलाइन झाले. हेतू चांगला होता. पण संगणकाच्या पडद्यावरची वेडीवाकडी अक्षरं ओळखून भरायची अट अंध माणसाला घातली की तो आपला अर्ज स्वतः भरू शकत नाही. मग सेतू केंद्रात जायचं, ओटीपी आलेला फोन परक्या माणसाच्या हातात द्यायचा आणि त्याने काय भरलं यावर विश्वास ठेवायचा. कुष्ठरोगात बोटं झडलेल्या आजींचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. आधारच्या नियमांत अशांसाठी बुबुळांवरून नोंदणीची, तेही शक्य नसेल तर दोन्हींशिवाय नोंदणीची सोय आहे. खिडकीवरच्या मुलाला मात्र ती ठाऊक नसते, आणि आजींना तर ती असल्याचंच कुणी सांगितलेलं नसतं.

बँकेच्या केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या स्त्रीने ती कशी करायची? ॲसिड हल्ल्यातून वाचलेली एक स्त्री आणि एक दृष्टिहीन वकील हाच प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला आणि केवायसीची पद्धत बदलण्यासाठी वीस निर्देश दिले. हा निकाल प्रत्येक सेतू चालकापर्यंत पोचवणं सरकारला अवघड नाही.

एवढं सगळं पार पडल्यावर उत्पन्नाची अट येते. संजय गांधी योजनेत दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत असावं लागतं. महिन्याला चार हजारांहून थोडं जास्त, अख्ख्या कुटुंबाचं. घरातल्या एका माणसाने नियमित मोलमजुरी केली तरी ही मर्यादा ओलांडली जाते. मग एक तर खोटा दाखला आणायचा किंवा हक्क सोडायचा. प्रामाणिक माणसाला या कोंडीत उभं करणारी अट तातडीने बदलली पाहिजे. दिव्यांगत्वाचा खर्च गरिबाला जास्त बोचतो हे खरं, पण औषधं, रिक्षा, थेरपी आणि सांभाळणाऱ्याचा बुडालेला रोज पाहिला तर मध्यमवर्गीय घरही काही वर्षांत खाली येतं. सांभाळणाऱ्या माणसासाठी भत्त्याची तरतूद २०१६ च्या कायद्यात आहे. पण पाठुंगळी मूल घेऊन उभ्या असलेल्या त्या आईपर्यंत ती आलेली नाही.

मूल १८ वर्षांचं झालं की अशा घरांपुढे आणखी एक दार बंद होतं. कायद्याच्या नजरेत ते सज्ञान, आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र घेता येतं. बहुतेक पालकांना हे बँकेने खातं अडवल्यावरच कळतं. न्यासाची निरामय ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजनाही अशीच कानावर न आलेली.

बोगस दाखल्यांचा विषय टाळून चालणार नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याची उमेदवारी लोकसेवा आयोगाने रद्द केली, तेव्हा दिव्यांग प्रमाणपत्रांवर देशभर चर्चा झाली. खोटा दाखला काढणारा खऱ्या दिव्यांगाच्या ताटातलं ओढून घेतो, त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण पडताळणीचा भार पडतो तो खऱ्या माणसावर. जन्मापासून न दिसणाऱ्याला पुन्हा डोळे तपासायला बोलावून काय सिद्ध होणार आहे?

करता येण्याजोग्या गोष्टी अगदी साध्या आहेत. महिन्यातून एक बोर्ड ग्रामीण रुग्णालयात बसवावं, आणि कुठले तज्ज्ञ हजर असतील हे आदल्या दिवशी मेसेजने कळवावं. अंथरुणाला खिळलेल्याची तपासणी घरी व्हावी. आशाताई गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर जातातच, त्यांना मोबदला देऊन अर्ज भरून घ्यायचं काम द्यावं. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक संस्थेने स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. त्यातून बोर्डाच्या दिवशी तालुक्याहून एक गाडी सोडता येईल. सार्वजनिक इमारती सुगम करायची कायद्यातली पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्ये संपली. तुमच्या तहसील कार्यालयातली संजय गांधी शाखा अजून वरच्या मजल्यावर असेल, तर तो कायद्याचा भंग आहे.

याबद्दल लेखी तक्रार करता येते. कायद्याच्या तेविसाव्या कलमाप्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत दिव्यांगांसाठी तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. कार्यालयात जाऊन त्याचं नाव विचारा. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर पोच घ्या, आणि दाद लागली नाही तर तीच प्रत जोडून पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे पाठवा. ज्याला स्वतः जाणं जमत नाही त्याच्यासाठी शेजाऱ्याने, शिक्षकाने, ग्रामपंचायत सदस्याने हा अर्ज लिहून द्यावा.