खाते बंद, येणे बाकी

१९८८ साली माझी बदली गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात एका लहानशा शाखेत झाली. नागपूरच्या महालात वाढलेल्या माणसाला तेव्हा गडचिरोली म्हणजे काळे पाणी वाटे. बदलीचा हुकूम ऐकून आई देवापुढेच जाऊन बसली. प्रत्यक्षात तिथे गेलो आणि रमलो. वैनगंगेकाठचे मार्कंड्याचे देऊळ, दूरवर पसरलेली धानाची बांधी, आणि मला ज्यांची मुळीच कल्पना नव्हती अशी बंगाली गावे. घरामागे तळे, तळ्यात मासे, शरद ऋतूत दुर्गापूजेचा मांडव. पूर्व पाकिस्तानात १९६४ च्या आरंभी दंगली झाल्या, त्यानंतर आलेल्या निर्वासितांपैकी अनेकांना सरकारने तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात जमिनी देऊन वसवले होते.

त्यांच्यातलेच एक म्हातारबाबा पीककर्जासाठी आमच्याकडे येत. मराठी बोलत, पण त्यांच्या तोंडी ती बंगाली वळणाची होऊन जाई. हप्ता कधी चुकला नाही. एकदा पासबुक पुढे करताना त्याच्या प्लास्टिकच्या वेष्टनातून घडी घातलेला एक कागद खाली पडला. त्यावर बंगाली अक्षरांत तीन नावे होती. मी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले. थोरला भाऊ, वहिनी आणि पुतण्या. हे इकडे आले तेव्हा भाऊ खुलना जिल्ह्यातच राहिला. वडिलांची जमीन त्याला सोडवेना. १९७१ च्या मे महिन्यात अखेर तोही निघाला. सीमेकडे जाणाऱ्या हजारो लोकांबरोबर चुकनगरच्या बाजारात थांबला. २० मे रोजी पाकिस्तानी लष्कराने तिथे काही तासांत हजारो माणसे मारली.

कागद परत वेष्टनात सरकवत त्यांनी मला विचारले, ‘‘साहेब, याचा दावा कुठे लावायचा?’’

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, नव्या अधिकाराचा. म्हणालो, ‘‘दादा, ते दुसऱ्या देशाचे प्रकरण. शिवाय सतरा वर्षे झाली. मुदत केव्हाच संपली.’’ ते हसले, आणि विड्रॉलची स्लिप भरून द्या म्हणाले.

ते उत्तर मला अजून टोचते. एक तर ते चुकीचे होते. खून, कत्तल, अत्याचार यांना कर्जासारखी तीन वर्षांची मुदत नसते. युद्धगुन्ह्यांना आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांना मुदतीचा कायदा लागू नये, असा करार संयुक्त राष्ट्रसंघाने १९६८ सालीच केला होता. पण दावा लावायचा कुठे, हा त्यांचा प्रश्न मात्र खरा होता. निवृत्तीनंतर सवडीने वाचत गेलो, तेव्हा कळले की त्या प्रश्नाला एकेकाळी जवळजवळ उत्तर मिळाले होते.

माझ्या पिढीला १९७१ आठवते ते पाच पैशांच्या तिकिटाने. पत्रावर नेहमीच्या तिकिटाशेजारी निर्वासित मदतीचे आणखी एक तिकीट लावावे लागे. सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून आली होती. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि त्र्याण्णव हजार युद्धकैदी भारताच्या ताब्यात आले. त्यांतल्या १९५ जणांवर खटले भरायचे, असे बांगलादेशाने ठरवले. त्यासाठी जुलै १९७३ मध्ये खास कायदाही केला. हे कैदी बांगलादेशाच्या हवाली होऊ नयेत म्हणून पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध गेला होता. वाटाघाटी सुरू झाल्यावर त्यानेच तो दावा मागे घेतला आणि डिसेंबर १९७३ मध्ये प्रकरण पटलावरून निघाले.

मग ९ एप्रिल १९७४ रोजी दिल्लीत तीन देशांचा करार झाला. गुन्हे घडले असतील तर त्यांचा निषेध आणि खेद, एवढे पाकिस्तानने म्हटले. बांगलादेशाने क्षमाबुद्धीने खटले सोडून दिले. १९५ जण घरी गेले.

हा करार करणाऱ्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण लाखो बंगाली माणसे तेव्हा पाकिस्तानात अडकून पडली होती. चीनने नकाराधिकार वापरून बांगलादेशाला संयुक्त राष्ट्रसंघाच्या दाराबाहेर ठेवले होते. नव्या देशाला मान्यता हवी होती, भारताला कैद्यांचा प्रश्न मिटवायचा होता. जिवंतांची सुटका की मेलेल्यांचा न्याय, असा तो पेच होता, आणि जिवंतांच्या बाजूने निकाल झाला. त्या खुर्चीत बसलो असतो तर मीही कदाचित तिथेच सही केली असती.

तरीही बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट खटकते. आमच्याकडे कर्जाचे निर्लेखन होते, म्हणजे वसूल न होणारे येणे ताळेबंदातून काढून टाकतात. पण निर्लेखन म्हणजे माफी नव्हे. कर्जदार देणेकरीच राहतो. एकरकमी तडजोड केली, तरी आधी त्याला देणे कबूल करावे लागते. कर्जदाराने मुदतीच्या आत लेखी कबुली दिली, की मुदत नव्याने सुरू होते. म्हणून तर आम्ही उन्हातान्हात वसुलीला जाऊन पैसे नाहीत तर निदान कबुलीपत्रावर सही आणत असू. १९७४ च्या करारात नेमकी तीच सही नाही. ‘घडले असतील तर’ ही कबुली नव्हे.

पाकिस्तानातल्या हमूदुर रहमान आयोगाने स्वतःच्या सेनाधिकाऱ्यांवर खटले भरावेत असे सुचवले होते. तो अहवाल २००० सालापर्यंत कुलपात राहिला. २००२ मध्ये जनरल मुशर्रफ यांनी ढाक्याजवळ सावरच्या स्मारकात खेद लिहून ठेवला, माफी मागितली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री ढाक्यात म्हणाले, हा प्रश्न १९७४ आणि २००२ मध्ये सुटलेला आहे. म्हणजे खाते बंद.

बांगलादेशाने १९७३ च्या त्याच कायद्याखाली २०१० मध्ये न्यायाधिकरण नेमले आणि लष्कराला साथ देणाऱ्या स्थानिकांना उभे केले. काहींना फाशी झाली. या खटल्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल जगभरातून शंका घेतल्या गेल्या, आणि मूळ १९५ जण तर त्यांच्या कक्षेबाहेरच राहिले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायाधिकरणाने ते नेमणाऱ्या शेख हसीना यांनाच, २०२४ च्या आंदोलनातील हत्यांसाठी, त्यांच्या गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला. शिवाय १९७१ मध्ये उर्दू बोलणारे बिहारीही मारले गेले. मुक्तिसैनिकांना १९७३ मध्येच कायद्याने संरक्षण मिळाले, त्यामुळे ते पान कोणी उघडलेच नाही. मृतांचा आकडा बांगलादेश तीस लाख सांगतो, अनेक अभ्यासक त्याहून बराच कमी. निष्पक्ष न्यायालयासमोर पुरावा आला असता, तर निदान हा वाद उरला नसता.

हेगचे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय जुलै २००२ नंतरचेच गुन्हे पाहते, आणि भारत व पाकिस्तान दोघेही त्याचे सदस्य नाहीत. मग काहीच होत नाही का? कंबोडियात १९७५ ते १९७९ दरम्यान झालेल्या संहारासाठी राष्ट्रसंघाच्या मदतीने २००६ मध्ये न्यायालय उभे राहिले. २०२२ पर्यंत शिक्षा झाली ती तिघांनाच. पण हजारो माणसांच्या जबान्या नोंदल्या गेल्या. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, माझा माणूस असा मेला, हे कोणीतरी लिहून घेतले.

मागच्या हिवाळ्यात चामोर्शीला गेलो होतो. म्हातारबाबा जाऊन बरीच वर्षे झाली. नातू आता मत्स्यबीजाचा व्यवसाय करतो. त्याने चहा दिला, तळे दाखवले. मी भीतभीतच त्या कागदाचे विचारले. तो आत गेला आणि जुने पासबुक घेऊन आला. कागद घड्यांवर विरला होता. त्याला बंगाली बोलता येते, पण वाचता येत नाही. तो मराठी शाळेत शिकला.

शेजारच्या घरातून एका आजींना बोलावले. त्यांनी चष्मा पुसून एकेक नाव वाचले, आणि नातवाने ती तिन्ही नावे एका नव्या वहीत देवनागरीत उतरवली. खाली मी तारीख आणि ठिकाण लिहायला सांगितले. २० मे १९७१, चुकनगर.

दावा कुठे लावायचा, हे मला अजूनही सांगता येत नाही. पण मुदत संपली, असे मी आता कोणाला सांगणार नाही.