दोन बिनविम्याच्या गाड्या आणि एक सातबारा

सोयाबीनच्या हंगामात देऊळगाव राजाचे रस्ते रात्रीही जागे असतात. माल भरलेल्या ट्रॉल्या, जालन्याहून परतणारे टेम्पो, आणि आश्विनात तर बालाजीच्या यात्रेची गर्दी. समजा, अशाच एका रात्री चिखलीच्या रस्त्यावर मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर एक जुनी कार आदळली. कारचालकाच्या शेजारी पस्तिशीचा एक माणूस बसला होता. बोअरवेलच्या मोटारी दुरुस्त करणारा, महिन्याला पंधरा हजार कमावणारा. घरी बायको, दोन मुलं, आई. ट्रॅक्टरचा विमा कधी काढलेलाच नाही. कारचा तीन वर्षांपूर्वी संपला, आणि मग कुणी विचारलं नाही म्हणून राहून गेला.

प्रसंग कल्पनेतला आहे, पण दुर्मीळ मुळीच नाही. देशातल्या निम्म्याहून अधिक गाड्या विम्याविना धावतात, असं सरकारी आकडेवारीच सांगते. त्यामागचं एक कारण अगदी साधं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नवी कार घेताना तीन वर्षांचा आणि नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा शोरूममध्येच घ्यावा लागतो. ती मुदत संपेपर्यंत गाडी अनेकदा दुसऱ्याच्या हातात गेलेली असते, आणि त्या दुसऱ्याला विम्याची तारीख ठाऊकच नसते.

अपघातानंतर गर्दी जमते आणि कुणीतरी अनुभवी माणूस म्हणतो, "जाऊ द्या ना भाऊ, पोलिसात गेलं तर दोघंही फसाल. आपसात मिटवून घ्या." हा सल्ला लगेच पटतो, कारण भीती दोन्हीकडे सारखीच असते. विना विमा गाडी चालवण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ खाली पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दंड चार हजार. फक्त पत्रा चेपला असेल तर रस्त्यावरची तडजोड शहाणपणाची असते, असं माझंही मत आहे. नुकसानभरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात किंवा दिवाणी न्यायालयात जाता येतं हे खरं, पण दोन दरवाजे आणि एका हेडलाइटसाठी तारखांवर तारखा कोण करणार? पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर दोन ओळी लिहाव्यात, गाड्यांचे फोटो काढावेत, पैसे ऑनलाइन द्यावेत म्हणजे नोंद राहते, आणि मोकळं व्हावं.

पण कुणी जखमी झालं, की हा स्टॅम्प पेपर फारसा कामाचा राहत नाही. दोन चालकांनी आपसात केलेला करार तिसऱ्या माणसाला बांधत नाही. शेजारच्या सीटवरच्या माणसाच्या बायकोने त्यावर सही केलेली नसते. तिथून पुढे जी यंत्रणा हलायला लागते, ती पाहून मी थक्क होतो. विमा नव्हता म्हणजे पैशांचा प्रश्नच मिटला, असं बहुतेकांना वाटतं. कायदा मात्र विम्याच्या जागी काय काय उभं करतो ते बघा.

आधी जखमी माणूस. १०८ ला फोन गेला, तो दवाखान्यात पोहोचला. ५ मे २०२५ ला केंद्र सरकारने अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली: योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात अपघाताच्या तारखेपासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार. नोंद नसलेल्या रुग्णालयातही निदान प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च योजनेत बसतो. गाडीला विमा होता की नव्हता, हा प्रश्न या टप्प्यावर जखमीला विचारायचाच नाही. रुग्णालयाला पैसे देतो मोटार वाहन अपघात निधी. विमा असलेल्या गाडीने अपघात केला असेल तर त्यातला वाटा विमा कंपन्यांचा, आणि विमा नसेल किंवा गाडीच सापडली नसेल तर सरकारी अर्थसंकल्पाचा. यासाठी अपघाताची पोलिसांकडे नोंद मात्र लागते. 'आपसात मिटवा' म्हणणारा अनुभवी माणूस नकळत जखमीचे दीड लाख बुडवत असतो, तो इथे.

दुर्दैवाने आपला मोटार मेकॅनिक वाचला नाही असं धरू. आता प्रश्न त्याच्या कुटुंबाच्या भरपाईचा. हा आकडा न्यायाधीशाच्या मनात येईल तसा ठरत नाही, त्याला गणित आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात गुणकांचा तक्ता बसवून दिला आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालात घटनापीठाने त्यात भविष्यातल्या वाढीची भर घातली. करून बघू. पंधरा हजार महिना. स्वतःचा व्यवसाय आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून चाळीस टक्के वाढ: एकवीस हजार. मागे चार अवलंबून माणसं, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश धरून वजा: १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. पस्तीस वर्षांच्या माणसाचा गुणक १६. उत्तर ३०,२४,०००. अंत्यविधी, सहवासाचं नुकसान वगैरे रकमा आणि व्याज वेगळं.

गुणक १६ च का? साठीपर्यंत तर पंचवीस वर्षं उरली होती. कारण कुटुंबाला पैसे हप्त्याहप्त्याने नाही, आज एकदम मिळायचे आहेत. ती रक्कम बँकेत ठेवली की व्याज देते. व्याज आणि थोडी मुद्दल काढत काढत ती उरलेल्या वर्षांना पुरावी, असा हिशेब आहे. शिवाय आयुष्यात आजारपण, बेकारी असे धोके तसेही होतेच. म्हणून पंचविशीच्या आतल्या तरुणालाही १८ पलीकडे गुणक नाही आणि पासष्टी ओलांडलेल्यालाही ५ मिळतोच.

आता हा आकडा विम्याच्या हप्त्याशेजारी ठेवा. हजार सीसीपर्यंतच्या कारचा थर्ड पार्टी हप्ता १ जून २०२२ च्या दरपत्रकात जीएसटी सोडून वर्षाला २,०९४ रुपये आहे. तीस लाख चोवीस हजारांत हा हप्ता चौदाशेहून अधिक वर्षं भरता येतो. म्हणजे दुसऱ्या पुलकेशीच्या राजवटीत भरायला सुरुवात केली असती तर आता कुठे पैसे संपत आले असते! आणि हा विमा आपल्या गाडीच्या पत्र्यासाठी नसतोच. तो आपल्या हातून ज्याचं वाईट होईल त्याच्यासाठी असतो. टक्कर झालेल्या दोघांकडेही तो नसतो तेव्हा प्रत्येकाने समोरच्याचं संरक्षण काढून घेतलेलं असतं, आणि स्वतःचंही समोरच्याने.

मग हे तीस लाख देणार कोण? चूक दोघांची. ट्रॉलीला दिवा नव्हता, कार वेगात होती. आपापल्या जखमांसाठी दोन चालक भांडले तर न्यायाधिकरण चुकीची टक्केवारी ठरवतं आणि ज्याची जितकी चूक तितकी त्याची भरपाई कापतं. शेजारी बसलेल्या माणसाची मात्र काहीच चूक नाही. त्याच्या कुटुंबासाठी नियम वेगळा आहे, आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत विलक्षण वाटतो: दोघांच्या निष्काळजीपणात तिसरा भरडला गेला, तर तो संपूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाही एकाकडून मागू शकतो. २०१५ च्या खेन्येई निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. ज्याने दिले त्याने दुसऱ्याकडून त्याचा वाटा वसूल करत बसावं. ती डोकेदुखी पीडिताची नाही. कारवाल्याकडे भाड्याची खोली आणि ट्रॅक्टरवाल्याकडे चार एकर असतील, तर वकील कुणाच्या दिशेने बोट दाखवेल हे सांगायला नको.

बोट कशावर दाखवतात, तेही बघण्यासारखं आहे. पहिलं लक्ष्य म्हणजे ती गाडीच. अपघातातली बिनविम्याची गाडी पोलिसांनी ताब्यात घेतली की मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय ती सोडायची नाही. हमी नाही आली तर तीन महिन्यांनी दंडाधिकाऱ्यांनी तिचा जाहीर लिलाव करायचा आणि पंधरा दिवसांत पैसे न्यायाधिकरणात भरायचे. दिल्लीत हा नियम आधीपासून होता. उषा देवी प्रकरणात सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना बारा आठवड्यांत असा नियम करायला सांगितलं, आणि २०२२ च्या केंद्रीय नियमांतही तो आला. पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या गाड्या आपण नेहमी बघतो. त्यातल्या काही गाड्या एखाद्या कुटुंबाची तारण मालमत्ता असतात.

जुन्या कारचे लिलावात येऊन येऊन किती येणार? म्हणून दुसरं लक्ष्य. कलम १७४ म्हणतं की न्यायाधिकरणाने जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे दाखला द्यावा आणि ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल व्हावी. म्हणजे नागपूर खंडपीठापर्यंत जाऊ शकणारं मोटार अपघाताचं प्रकरण शेवटी तहसील कचेरीत येऊन पोहोचतं, तलाठ्याच्या टेबलावर. शेतसारा थकल्यावर सरकार जे करू शकत होतं, नोटीस, जप्ती, विक्री, तेच आता मृताच्या बायकोसाठी करायचं. रात्री न लावलेला एक लाल दिवा सातबाऱ्यावर बोजा होऊन चढू शकतो.

हे सगळं व्हायला वर्षं लागतात, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे शेतही नाही, गाडीही भंगार, त्याच्याविरुद्धचा हुकूम भिंतीवर टांगायचाच. आणि इथेच आपल्या कायद्यातली एक विचित्र फट दिसते. धडक देऊन पळून गेलेली गाडी सापडलीच नाही, तर मृताच्या कुटुंबाला निधीतून दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार मिळतात. १ एप्रिल २०२२ पासून हे दर आहेत. पण चालक पळाला नाही, थांबला, नाव सांगितलं, आणि त्याच्याकडे विमा नव्हता, तर ते दोन लाख नाहीत. तेव्हा कलम १६४ खाली कुणाची चूक हे सिद्ध न करता पाच लाख मागता येतात खरे, पण ते विमा कंपनीकडून किंवा मालकाकडून; आणि इथे कंपनी नाहीच. पळून गेलेल्याच्या बळीला रोख, थांबलेल्याच्या बळीला हुकूमनामा. मला हे कधीच समजलेलं नाही.

ब्रिटनने हा प्रश्न १९४६ मध्येच सोडवला. तिथल्या विमा कंपन्यांनी मिळून मोटर इन्शुरर्स ब्युरो काढला, आणि बिनविम्याच्या चालकाचा बळीही त्याच्याकडून भरपाई घेतो. पैसे अर्थात इमानदारीने विमा काढणाऱ्यांच्या हप्त्यातून येतात. योगायोग असा, की आपल्याकडे १९३९ च्या मोटार कायद्यातलं सक्तीच्या विम्याचं प्रकरण प्रत्यक्ष लागू झालं तेही १९४६ मध्येच, १ जुलैला. सक्ती आपण आणली, मागचं जाळं विणायचं राहिलं. दक्षिण आफ्रिकेत पेट्रोल-डिझेलच्या प्रत्येक लिटरवर कर बसवून निधी चालवतात, म्हणजे इंधन भरलं की वर्गणी भरली. न्यूझीलंडने तर १९७४ पासून चूक कुणाची हा प्रश्नच काढून टाकला. जखमी झाला की भरपाई, कोर्ट नाही. या तीनही पद्धतींवर टीका होते, पण देऊळगाव राजाच्या त्या बायकोला यातली कुठलीही चालली असती.

तिच्या हातात काय आहे? पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला पाठवायचा आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत, असा २०२२ चा नियम आहे. त्यात पंचनामा, गाड्यांची तपासणी, विमा होता-नव्हता हे सगळं येतं. दावा सहा महिन्यांत करावा असं कायदा सांगतो. दावा अपघात झाला तिथे, ती राहते तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे करता येतो. देऊळगाव राजाला जिल्ह्याचं ठिकाण बुलढाणा लांब आणि जालना जवळ. ट्रॅक्टरवाला सीमेपलीकडच्या जालना जिल्ह्यातल्या गावचा निघाला, तर दावा जालन्यातही चालेल. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा समितीकडून वकील मिळतो, आणि स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. बिनविम्याच्या प्रकरणात ही वाट मला अनेकदा बरी वाटते, कारण तिथे हप्ते ठरवता येतात. चार एकर विकायला लावण्यापेक्षा दर हंगामाला ठरलेली रक्कम दोन्ही घरांना झेपते.

एक पात्र अजून आलंच नाही. ती कार तीन वर्षांपूर्वी ज्याने विकली, तो. पैसे घेतले, फॉर्मवर सह्या करून दिल्या, चावी दिली आणि विसरला. घेणाऱ्याने गाडी स्वतःच्या नावावर केलीच नाही. २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच भरपाईसाठी मालक. मधे गाडी कितीही हातांतून फिरलेली असो. त्या रात्री तो घरी झोपलेला होता, चिखलीच्या रस्त्याशी त्याचा संबंध नव्हता, आणि तरी दाव्यात त्याचं नाव येणार. गाडी विकलेल्या वाचकाने एमपरिवहन ॲपवर जुना नंबर टाकून मालक म्हणून कुणाचं नाव येतं ते आजच बघावं. नाव आपलंच दिसलं, तर घेणाऱ्याला गाठून आधी गाडी त्याच्या नावावर करून घ्यावी, आणि ते होईपर्यंत विम्याचा हप्ता कोण भरतंय तेही विचारावं.