५१० गुणांचा हिशेब

पोकेमॉन खेळांतल्या प्राण्याची लढाईतली कुवत सहा आकड्यांत मावते: एचपी, अटॅक, डिफेन्स, स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स आणि स्पीड. लेव्हल सोडली, तर हे आकडे ठरतात ते चार गोष्टींवरून. जातीला नेमून दिलेला बेस स्टॅट, जन्मतः पदरात पडलेले आयव्ही, लढून कमावलेले ईव्ही आणि स्वभाव, म्हणजे नेचर. मालिकेतले पहिले दोन खेळ, रेड आणि ग्रीन, जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी आले. त्यानंतरच्या तीस वर्षांपैकी हिशेबाच्या दृष्टीने खरी मोलाची अकराच: २००२ ते २०१३.

त्याआधीच्या काळावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. उपजत गुण ० ते १५ असत आणि कमाईला एकत्रित मर्यादाच नव्हती. भरपूर लढवले की प्राण्याचे सगळेच स्टॅट शिगेला पोहोचत. काही सोडावे लागत नसे, म्हणून काही निवडावेही लागत नसे. १९९९च्या गोल्ड आणि सिल्व्हरने ब्रीडिंग आणले, ‘स्पेशल’ या एका स्टॅटचे दोन केले. पण कमाईला लगाम लागला नाही.

तो नोव्हेंबर २००२च्या रूबी आणि सफायरमध्ये लागला. आयव्ही ० ते ३१ झाले. ईव्हीला एका स्टॅटपुरती २५५ची आणि सगळे मिळून ५१०ची मर्यादा आली. शंभराव्या लेव्हलला चार ईव्हींचा एक गुण होतो. पंचवीस नेचरपैकी वीस नेचर एक स्टॅट दहा टक्क्यांनी वाढवतात आणि दुसरा तितकाच घटवतात. उरलेली पाच निरुपद्रवी. खरी मेख चारच्या भागाकारात होती. दोन स्टॅट २५५पर्यंत नेले तर ५१० तिथेच संपतात आणि प्रत्येकी तीन ईव्ही वाया जातात. २५२वर थांबले तर सहा उरतात, त्यांतल्या चारांत तिसऱ्या स्टॅटचा एक गुण पदरात पडतो.

आयव्ही आणि ईव्ही यांतले काहीही पडद्यावर दिसत नसे. झिगझॅगूनला हरवले की स्पीडचा एक ईव्ही मिळे, पूचिएनाकडून अटॅकचा, टेंटाकूलकडून स्पेशल डिफेन्सचा. माचो ब्रेस बांधला की दुप्पट. पोकेरस या विरळ्या संसर्गाची लागण झाली की पुन्हा दुप्पट. मोजदाद वहीत रेघा मारून ठेवायची. मध्येच भलताच प्राणी आडवा आला आणि चुकून हरला, तर त्याचा ईव्हीही खात्यात जमा. स्लेटपोर्टच्या बाजारातली एक बाई कोटा पूर्ण भरलेल्या प्राण्याला रिबन देई; कुठे किती भरले, ते तीही सांगत नसे. भारतात हे खेळ अनेकांनी संगणकावर इम्युलेटरमध्ये खेळले. समोर दुसरा खेळाडू नसताना केलेली ही बेरीज तशी अनाठायीच, कारण कथानक पार करायला ईव्हीचे भान अजिबात लागत नाही.

समोर प्रतिस्पर्धी आला की त्या बेरजेचे काय होते, हे गारचॉम्पवरून कळते. हा ड्रॅगन २००६च्या डायमंड आणि पर्लमध्ये आला. त्याचा बेस स्पीड १०२. शंभराव्या लेव्हलचे सूत्र असे: बेसची दुप्पट, अधिक आयव्ही, अधिक ईव्हीचा चौथा हिस्सा, अधिक पाच, मग नेचरचा गुणाकार आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. २०४, ३१, ६३ आणि ५ मिळून ३०३. स्पीड वाढवणाऱ्या जॉली नेचरने ३३३. आधीच्या पिढीतला ड्रॅगन सॅलामेन्स १०० बेसवर याच हिशेबाने ३२८ला थांबतो. ड्रॅगनचा वार ड्रॅगनला दुप्पट लागतो, त्यामुळे आधी कोण मारतो यावर सगळे. मग ३३३ कशाला हवेत? २४० ईव्हींतच ३३० होतात, सॅलामेन्स मागे पडतो आणि वाचलेल्या बारा ईव्हींचे तीन गुण एचपीत घालता येतात. पण समोरही गारचॉम्पच निघाला आणि त्याने कंजुषी केलेली नसली, तर तीन गुणांची ही बचत अंगाशी येते. याला उत्तर नव्हते. समोरचा काय करील याचा अंदाज बांधायचा, एवढेच हाती होते.

आयव्हीबद्दल मात्र हळहळण्यासारखे काही नाही. ती निव्वळ सोडत होती. सहाही आकडे ३१ येण्याची शक्यता १०७ कोटींत एकाहून कमी. त्यासाठी अंड्यांचे ढीग उबवले जात. जाणकार तर गेमचा यादृच्छिक आकड्यांचा क्रम शोधून, घड्याळ लावून नेमक्या क्षणी बटण दाबत. ही हुशारी खरी, पण तिचा लढाईशी संबंध नव्हता. २०१३च्या एक्स आणि वायमध्ये डेस्टिनी नॉट या वस्तूने आईबापांचे पाच आयव्ही पिल्लात उतरू लागले. २०१६ पासून हायपर ट्रेनिंगने शंभराव्या लेव्हलला उणीव भरून निघू लागली. दोन्ही सुधारणा रास्तच.

गफलत झाली ती ईव्हीलाही याच मापाने मोजण्यात. एक्स आणि वायने ईव्ही पडद्यावर आणले, हे चांगले केले. एका स्टॅटची मर्यादा २५२ केली, तेही समजण्यासारखे. पण तिथेच पाच-पाचांच्या झुंडीही आल्या. ईव्ही वाढवणारा पॉवर आयटम आणि पोकेरस असले की एका ईव्हीचे प्राणी झुंडीमागे पन्नास ईव्ही देऊ लागले. अख्खा स्टॅट सहा लढायांत. २०१९च्या सोर्ड आणि शील्डने लढायाही काढून टाकल्या. पूर्वी शंभराशी थांबणारी, ईव्ही वाढवणारी व्हिटामिन आता २५२पर्यंत चालतात, म्हणजे सव्वीस बाटल्या. नेचर पसंत नसले तर मिंट खाऊ घालायचा. स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये २०२२ साली हायपर ट्रेनिंगची अट पन्नासाव्या लेव्हलवर आली.

वाटणीचा प्रश्न अजून आहे, ५१०ची मर्यादाही आहे. पण चुकलेली वाटणी आता काही मिनिटांत पुसता येते, त्यामुळे ती करण्यापूर्वी कोणी फार विचार करत नाही; बहुतेक जण दुसऱ्याची तयार वाटणी जशीच्या तशी उचलतात. पोकेरसही स्कार्लेट आणि व्हायोलेटमधून वगळला गेला. सव्वीस बाटल्या पाजायच्या असतील तर दुप्पट व्हावे असे काही उरलेही नव्हते.