खांब एका पातळीत कसे आणावेत?

भाताचं खाचर तुम्ही पाहिलंच आहे. पुष्कळांनी त्यात चिखलही तुडवला आहे. चिखलणी होऊन पाणी साचलं, की खाचराची खरी परीक्षा होते. जिथं माती उंच राहिली असेल, तिथं ती पाण्याबाहेर डोकं काढते. जिथं खोलगट असेल, तिथं पाणी जास्त भरतं. उन्हाळ्यात तेच खाचर डोळ्यांना अगदी सपाट दिसत होतं! डोळा फसतो. पाणी फसत नाही.

घराच्या पडवीचे खांब घ्या, किंवा वैरण आणि धान्य ओलाव्यापासून वर ठेवायची लाकडी माच घ्या. चार खांब रोवायचे, वर तुळया ठेवायच्या, त्यावर फळ्या ठोकायच्या. काम सोपं दिसतं. पण चारही खांबांची डोकी एका पातळीत हवीत. एक खांब दोन बोटं आखूड राहिला, तर तुळई त्याच्यावर टेकतच नाही. सगळा भार उरलेल्या खांबांवर पडतो. मग माणूस त्या फटीत लाकडाची पाचर मारतो. पावसात पाचर फुगते, उन्हात आकसते, आणि एक दिवस निसटते. वर भाताची पोती असतात. खाली कधी गुरं बांधलेली असतात, कधी मुलं खेळत असतात.

आता चूक कुठं होते, ते पाहू. पुष्कळ लोक जमिनीपासून माप घेतात. प्रत्येक खांब जमिनीवर सहा फूट ठेवतात आणि म्हणतात, झाले सारखे. पण जमीन कुठं सारखी आहे? बदलापूर-अंबरनाथकडची जमीन पाहा. एका बाजूला मलंगगड, चंदेरीचे डोंगर. दुसऱ्या बाजूला उल्हास नदी. जमीन चढउताराची. बारा फुटांत वीतभर उतार असला, तरी तो डोळ्यांना कळत नाही. जमीन उतरती, म्हणून वरची माचही उतरती होते.

गवंड्याजवळ पाणसळ असते. तिच्यातला बुडबुडा मधोमध आला, की ती वस्तू सपाट. पाणसळ चांगलीच, पण ती असते हातभर लांब. हातभरात केसाएवढी चूक झाली, तर बारा फुटांवर ती कितीतरी पट होते. आजकाल मोबाइलमध्येही पाणसळ मिळते. ती तर वीतभरच! दूरच्या खांबांसाठी गवंडी वेगळी वस्तू काढतो. ती म्हणजे पाण्याची नळी.

ही साधी, आरपार दिसणारी प्लॅस्टिकची नळी असते. जाडी करंगळीएवढी. खांबांत बारा फुटांचं अंतर असेल, तर नळी पंचवीस-तीस फूट घ्यावी. तिच्यात पाणी भरायचं. पाणी नीट दिसावं म्हणून त्यात थोडी नीळ टाकावी. नळीची दोन्ही तोंडं वर धरली, की दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीवर थांबतं. मधली नळी वर जावो, खाली जावो, दगडाला वळसा घालो, फरक पडत नाही. फक्त ती कुठं पिळलेली किंवा चेपलेली नसावी, आणि तिचा मधला भाग पाण्याच्या पातळीपेक्षा वर जाऊ देऊ नये.

कामाला दोन माणसं लागतात. त्याआधी खांब खड्ड्यात पक्के बसले पाहिजेत. खड्डा मऊ माती संपून मुरूम लागेपर्यंत खणावा. तळाला सपाट दगड घालावा, खांब ओळंब्यानं सरळ उभा करावा, भोवती दगडमाती ठोकून भरावी. खांबाचं डोकं आताच कापायचं नाही. वर हातभर जास्त राहू द्यावं.

मग पहिल्या खांबावर कमरेएवढ्या उंचीवर एक रेघ मारायची. एकानं नळीचं एक तोंड तिथं धरायचं. दुसऱ्यानं दुसरं तोंड दुसऱ्या खांबाला लावायचं.

“आलं का पाणी रेघेवर?”

“थांबा दादा, हलतंय अजून. जरा खाली घ्या... हां, आलं!”

पाणी अगदी स्थिर झालं, पहिल्याचं पाणी बरोबर रेघेवर आलं, की दुसऱ्यानं आपल्या पाण्याच्या उंचीवर रेघ मारायची. तिसऱ्या आणि चौथ्या खांबालाही असंच. पण प्रत्येक वेळी पहिलं तोंड पहिल्याच खांबावर ठेवावं. दुसऱ्यावरून तिसरा आणि तिसऱ्यावरून चौथा असं करत गेलं, तर चुकीवर चूक चढते.

दोन गोष्टींनी चांगले चांगले लोक फसतात. चालताना पाणी सांडू नये म्हणून आपण नळीच्या तोंडावर अंगठा दाबतो. रेघ मारताना दोन्ही अंगठे काढले पाहिजेत. दोन्ही तोंडांवर हवा सारखी दाबते, म्हणून पाणी सारखं राहतं. एक तोंड बंद राहिलं, तर पाणी खोटं सांगतं. दुसरी गोष्ट म्हणजे नळीतले हवेचे फुगे. आधी नळी पूर्ण न्याहाळावी, टिचक्या मारून फुगे बाहेर घालवावेत.

आता चारही रेघा एका पातळीत आहेत. एक काठी कापून घ्या. तीच काठी प्रत्येक रेघेवर उभी धरून वर खूण करा आणि तिथं खांब कापा. एकाच काठीनं मोजलं, की मापात घोळ होत नाही. पडवी असेल, तर बाहेरची रांग आतल्या रांगेपेक्षा मुद्दाम खाली घेतात. छपराचं पाणी उतरलं पाहिजे ना! पण एका रांगेतले खांब आपसात सारखेच हवेत.

अंबरनाथचं शिवमंदिर पाहायला गेलात, तर कोरीव काम बघून झाल्यावर सभामंडपाचे खांब आणि त्यांवरच्या दगडी तुळया पाहा. मंदिरातल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इसवी सन 1060, असा काळ आहे. दगड लाकडासारखा वाकत नाही. खांब खालीवर असते, तर त्या तुळया केव्हाच चिरल्या असत्या.

या नळीचा आपल्या भागात आणखी एक मोठा उपयोग आहे. 26 जुलै 2005 रोजी उल्हास नदी आणि वालधुनी नदी घराघरांत शिरली. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावं लागलं. असा पूर घरांच्या भिंतींवर चिखलाची रेघ ठेवून जातो. शेजाऱ्याच्या जुन्या भिंतीवर ती असेल, तर नळी लावून ती रेघ आपल्या खांबावर आणा. माच त्या रेघेच्या निदान दोन हात वर घ्या. मात्र रेघ जवळच्याच घराची घ्यावी. वाहत्या नदीचं पाणी वरच्या अंगाला उंच आणि खालच्या अंगाला उतरतं असतं. त्यामुळे लांबची रेघ चालत नाही. खांब उंच झाले, तर त्यांना तिरपे टेकू द्यावेत. नुसते उंच खांब पुराच्या धक्क्यानं लवतात. आणि ही रेघ डोक्याएवढी उंच निघाली, तर माच फक्त धान्यासाठी समजा. इशारा मिळताच माणसांनी आणि गुरांनी उंच जागी निघून जावं.

खांबांवरच्या रेघा पुसू नका. तिथं रंगाचा पट्टा ओढा, नाहीतर खिळा ठोका. पहिल्या पावसात नवी माती बसते आणि एखादा खांब खचतो. म्हणून भात कापणीला येण्याआधी, माच रिकामी असतानाच, नळी पुन्हा लावून बघा. एखाद्या खांबाची रेघ बाकीच्यांच्या खाली गेली असेल, तर तुळई टेकूवर उचलून धरा आणि त्या खांबाच्या डोक्यावर पक्क्या लाकडाची रुंद फळी घालून खिळ्यांनी जोडा. पाचर नको. काम झालं, की नळीतलं पाणी ओतून टाका आणि ती गुंडाळून सावलीत टांगा. उन्हात प्लॅस्टिक कडक होतं आणि पुढल्या वर्षी मोडतं.