एकाच टेबलावरच्या दोन फायली

तहसीलदार दोन नात्यांनी सही करतो. महसूल अधिकारी म्हणून तो टंचाई आराखडा तयार करतो, टँकरचे प्रस्ताव वर पाठवतो, पीक किती येईल ते सांगणारी पैसेवारी काढतो. कार्यकारी दंडाधिकारी म्हणून तो मोर्चाच्या बंदोबस्ताला पोलिसांबरोबर उभा राहतो आणि शांतता बिघडवतील असे वाटणाऱ्यांकडून बंधपत्र लिहून घेतो. बंधपत्राच्या या कारवाईला पोलीस ‘चॅप्टर केस’ म्हणतात. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 107 कलमाखाली चालायची. नव्या संहितेत तो आकडा 126 झाला, आणि सगळ्यांच्या तोंडी बसलेलं जमावबंदीचं 144 आता 163 झालंय.

मी महसुलात मस्टर कारकून म्हणून शिरलो आणि तहसीलदार म्हणून बाहेर पडलो. आर्थिक संकटात लोक रस्त्यावर येतील तेव्हा सरकार काय तयारी करतं, असं कुणी विचारलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ढाली, हेल्मेटं, अश्रुधुराची नळकांडी येतात. एसआरपीच्या गाड्या, पोलिसांचं संचलन, दंगा काबू पथकाची रंगीत तालीम हे सगळं खरंच असतं, आणि मी ते जवळून पाहिलंय. पण ती निम्मीच तयारी. उरलेली निम्मी ज्वारीच्या भावात, हजेरीपटात आणि पाण्याच्या टाकीत असते. गंमत अशी, की आपल्याकडे हे दुसरं निम्मं पहिल्यामागच्या दंग्याच्या भीतीतून जन्माला आलं.

गोष्ट सुप्याची आहे. पुणे जिल्ह्यातलं, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तोवर इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस हवा होता. भाव चढले, सावकारांनी सढळ हाताने पैसा दिला. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव पडले, उधारी आटली. त्यात सरकारने जमिनीचा सारा वाढवून ठेवलेला. 12 मे 1875 रोजी सुप्यात कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हव्या होत्या खतपत्रांच्या आणि हिशेबाच्या वह्या. त्या जाळल्या, धान्यही लुटलं. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत पोहोचलं. सरकारने गावोगाव पोलीस ठाणी बसवली, फौज बोलावली, 951 माणसं धरली.

पुढे काय झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुंबई सरकारला चौकशी नको होती. 1857 ची आठवण ताजी असलेल्या वरच्या सरकारने ती करायला लावली. आयोगाचा अहवाल 1878 मध्ये आला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. कर्जाच्या दाव्यात न्यायाधीशाने नुसता कागद न बघता मागचा सगळा व्यवहार तपासावा, कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये, अशा तरतुदी त्यात होत्या. त्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना हाताशी धरून बंड केलं होतं. कनवाळूपणा आणि धास्ती यांचं प्रमाण ज्याने त्याने ठरवावं. मी माझ्या अनुभवाने धास्तीला झुकतं माप देतो.

मधल्या काळात 1876 ते 78 चा दुष्काळ येऊन गेला. सर रिचर्ड टेंपल हा बडा अधिकारी काटकसरीसाठी नेमलेला. त्याने दुष्काळी कामावरच्या माणसाची दिवसाची मजुरी एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. दिवसभर खडी फोडणाऱ्याला अर्धा किलोही धान्य नाही. आपल्या इलाख्यात हजारो लोकांनी या मजुरीवर काम करायला नकार दिला आणि ते कामं सोडून निघून गेले. भुकेल्यांचा संपच तो. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांची बाजू मांडत सरकारकडे अर्जामागून अर्ज धाडत होती.

यानंतर 1880 मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. माझ्या मते आर्थिक संकटाची सरकारी पूर्वतयारी म्हणावी असा आपल्याकडचा हा पहिला पक्का कागद. संकट ओळखायचं कसं? धान्याचे भाव चढतात, लोक भलत्या हंगामात गाव सोडून भटकू लागतात, किरकोळ चोऱ्या वाढतात; यावर खालच्या अधिकाऱ्याने नजर ठेवायची. म्हणजे फौजदाराचं रजिस्टर हेच दुष्काळाचंही मापक. शंका आली की कसोटीची कामं उघडायची: कष्ट भरपूर, मजुरी जेमतेम. तरीही माणसं आली तर दुष्काळ खरा. फार निर्दय कसोटी. पण ज्या कारकुनाला वरिष्ठांचा हुकूम येईपर्यंत काहीच दिसत नाही, त्याला डोळे उघडायला लावणारीही तीच.

आणि कागद एकदा छापला की तो दुसऱ्या बाजूलाही वाचता येतो. 1896-97 च्या दुष्काळात टिळकांनी नेमकं तेच केलं. पीक बुडालं तर साऱ्याला सूट मिळते, काम मागितलं तर द्यावं लागतं, हे सरकारचेच नियम ‘केसरी’तून मराठीत सांगितले, सार्वजनिक सभेची माणसं पत्रकं घेऊन खेड्यापाड्यांत फिरली. सरकारने काय केलं? सभेची मान्यता काढून घेतली. स्वतःचाच नियम लोकांच्या हातात गेल्यावर सरकार इतकं बिथरतं, हे मला नोकरीत असतानाही अधूनमधून दिसायचं, फक्त मान्यतेऐवजी तेव्हा बदली निघायची.

आता 1972. मी तेव्हा मॅट्रिक होऊन बसलेला पोरगा. पाझर तलावाच्या कामावर मस्टर लिहायला लागलो. चौकड्या मोजायच्या, टोळीवार हजेरी घालायची, बायांची नावं नवऱ्याच्या नावासकट लिहायची. खायला अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर मुलांना सुकडी. लोक मिलोला नावं ठेवत आणि तीच खात. मे 1973 मध्ये राज्यात अशा कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसं होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटी; दहातला एक माणूस मस्टरवर.

त्या कामावर एक गोष्ट कळली ती पुढे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवली नाही. ऊन, अवघड माती, मुकादमाची शिवीगाळ हे सगळं लोक सोसत. पगार एक आठवडा लांबला की मात्र हवा बदलायची. दुसरा आठवडा कोरडा गेला की बाया टोपली-फावडं घेऊन थेट तहसीलवर. तेव्हा पोलीस मागवण्यापेक्षा ट्रेझरीतून रोकड लवकर आणणं किती स्वस्त पडतं, हे आमच्या रावसाहेबांना, म्हणजे तहसीलदारांना, पक्कं ठाऊक होतं. पगाराच्या आदल्या रात्री ते ट्रेझरी कारकुनाच्या घरी जाऊन बसायचे. सगळीकडे असे रावसाहेब नव्हते. राज्यात मोर्चे निघाले, घेराव झाले, गोळीबाराचे प्रसंगही आले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे हजारो गृहिणी महागाईविरुद्ध लाटणी उगारून, थाळ्या बडवत रस्त्यावर होत्या.

याच वेळी शेजारच्या गुजरातेत काय झालं ते बघण्यासारखं आहे. डिसेंबर 1973 मध्ये अहमदाबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं. तिथून पेटलेल्या नवनिर्माण आंदोलनात संचारबंदी लागली, लष्कर आलं, आणि 9 फेब्रुवारी 1974 ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला. शहरी विद्यार्थी आणि खेड्यातला मजूर यांची सरळ तुलना होत नाही, हे मान्य. भ्रष्टाचाराचा राग तिथे वेगळाच होता. तरी मला राहून राहून वाटतं, आपल्याकडचे ते पन्नास लाख मस्टरवर नसते तर त्या उन्हाळ्यात मंत्रालयाची झोप उडाली असती.

दुष्काळातली ही कामं कायमची व्हावीत असं वाटणारेही होते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचं म्हणणं असं, की दुष्काळ नसतानाही मागेल त्याला काम मिळालं पाहिजे. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी ते मनावर घेतलं. पैसा कुठून आणायचा? शहरातल्या नोकरदारांवर 1975 पासून व्यवसाय कर बसला. पगारपत्रकात कापला जाणारा तो ‘पी.टी.’ मूळचा या रोजगार हमीसाठी. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. भत्ता मिळालेला माणूस मला क्वचितच भेटला, ती वेगळी रड. पण शंभर वर्षांपूर्वी जी कामं सरकारच्या मर्जीवर होती ती मागण्याचा हक्क कागदावर आला.

टंचाईची आणि बंदोबस्ताची अशा दोन्ही फायली एकदम उघडलेल्या बघायच्या तर लातूर, 2016. शहराला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होतील म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी तिथे 144 कलम लावलं; पाचांहून जास्त जण जमायचे नाहीत. वर्तमानपत्रांनी थट्टा केली. मी जिल्हाधिकाऱ्यांच्या जागी असतो तर हीच सही केली असती. टँकरवर घागरीसाठी डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. मात्र 144 च्या कागदाने घागर भरत नाही. 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वेने पहिलं पाणी आलं, पाच लाख लिटर. चार लाखांच्या आसपास वस्तीचं शहर. माणशी सव्वा लिटर पडलं. तेवढं तर तांब्यातही राहतं. पण रोज येणार आणि वाढणार असं लोकांना दिसलं, पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. टाक्यांपाशी पोलीस उभे करण्याची गरज कमी होते ती अशाने, असं मला वाटतं.

टंचाई आराखडा दरवर्षी तीन टप्प्यांत होतो: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. माझ्या काळात पैसेवारी 50 पैशांच्या खाली गेली की टंचाईसदृश परिस्थिती धरायचे. बहुतेक आराखडे मागच्या वर्षीचे आकडे थोडे वाढवून केलेले असतात. मीही तसे पाहिलेत आणि पुढे पाठवलेत. पोलिसांची दंगा काबू योजना मात्र दरवर्षी नव्याने तपासली जाते, नकाशासकट, कुठल्या चौकात किती माणसं याच्या हिशेबासकट. ती गोपनीय असते. आराखडा गोपनीय नसतो. पंचायत समितीत मागितला तर बघायला मिळतो. आपल्या गावापुढे किती विहिरी अधिग्रहित करायच्या लिहिलंय, टँकर कुठल्या महिन्यापासून धरलाय, गेल्या उन्हाळ्यात तो प्रत्यक्षात कधी आला, हे ताडून बघायला अर्धा तास लागतो. ऑक्टोबर संपायच्या आत गेलेलं बरं. एप्रिलमध्ये गेलात तर तहसीलदार बंदोबस्तावर असण्याची शक्यता जास्त.